नऊ ठिपक्यांचं रान

आधीच सांगून ठेवतो, मला कुणी शहाणपणा शिकवलेला खपत नाही. बत्तीस वर्षं मी जंगलखात्यात गार्ड म्हणून काढली. जिंतूरहून चारठाण्याकडं निघालं की डाव्या हाताला एक लांबलचक डोंगर लागतो, तो माझा. म्हणजे सरकारचा, पण चालून चालून माझाच झाला. नुसता धूर बघून कुठलं गवत पेटलं ते मी सांगायचो. कुसळीचा धूर पांढरा अन् पळपुटा, पळसाचा जड, अन् ओल्या बोरीचा असा की डोळ्यांत शिरला की दिवसभर निघायचा नाही. साहेब आले अन् बदलून गेले, अण्णाराव तिथंच.

मग काही वर्षांखाली मोबाइलवर मेसेज यायला लागले. आभाळात उपग्रह फिरतो म्हणे, त्याला आग दिसते, अन् तो आम्हाला कळवतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तो वर कुठं बसलाय, त्याला म्हसोबाचा माळ कुठला अन् साळुंकीचा दरा कुठला हे काय कळणार? निम्म्या वेळा मी डहाळी घेऊन आग बडवत असायचो, तेव्हा खिशात टुणकन वाजायचं. मी सगळ्या मजुरांसमोर म्हणायचो, "ह्या वरच्या जावईबापूंना कळवा रे, आग इझली, आता निवांत जेवा म्हनावं." सगळे खो खो हसायचे, अन् मला बरं वाटायचं.

आता आमचं काम सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दरवर्षी माघात आम्ही डोंगरावर जाळरेषा मारतो. म्हणजे गवताचा एक पट्टा कापायचा, तो आपणच जाळून टाकायचा अन् विझवायचा. पुढं वणवा आला तर त्या काळ्या पट्ट्याशी त्याला खायला काही सापडत नाही, तो थांबतो. दहा-बारा मजूर असतात, चंद्रभान त्यांचा मुकादम. काम संपलं की शेवटच्या दिवशी म्हसोबाला रोडगे. गोवऱ्यांचा आर करायचा, त्यात कणकेचे गोळे भाजायचे, वांग्याची भाजी, वरून तूप. बाकीच्या गावांत म्हसोबाला कोंबडं-बकरं लागतं, पण आमच्या टोळीचा प्रमुख मी, गळ्यात लिंग असलेला लिंगायत माणूस. माझ्यापुढं म्हसोबानं पण रोडग्यांवरच भागवलं. एक रीत मात्र पक्की होती. देवाचा विस्तव पाणी टाकून विझवायचा नाही. वर माती लोटायची, हात जोडायचे अन् खाली उतरायचं.

यंदाच्या मार्चात डोंगर पेटला. बुधवार होता. रिटायरमेंटचे कागद द्यायला मी सकाळीच जिंतूरला ऑफिसात गेलो होतो, दोन महिनेच राहिले होते माझे. एकच्या सुमाराला फाट्यावर उतरलो तर डोंगराच्या पाठीवर धूर. मेसेज तेव्हाच आला असणार, पण मी कुठला बघतोय. पळतच सुटलो. वारं पश्चिमेचं, भाजून काढणारं. मी पोचलो तेव्हा आग पूर्वेच्या उतारावर सरजाबाईच्या रानाला वेढा घालून उभी होती. दोन दिवस आम्ही ती बडवत होतो. मजुरांतल्या सितारामच्या भुवया जळाल्या, माझ्या बुटाचा तळ वितळून निघाला. शुक्रवारी सकाळी विझली तेव्हा डोंगरावर उभं राहिलेलं एक पातं दिसत नव्हतं. टिटव्यांची अंडी भाजून फुटलेली, जागोजाग कासवं उलटी पडलेली. मी एका दगडावर बसलो अन् खरं सांगतो, लहान पोरासारखा रडलो.

त्या सगळ्या काळ्यामधे एकच तुकडा शाबूत होता. सरजाबाईचं रान.

सरजाबाई बौद्धवाड्यातली. तिच्या सासऱ्यानं डोंगराच्या पायथ्याला गायरानातली दोन एकर वहिती केलेली, तेव्हापासून ते लोक ती कसतात. सातबारा नाही, काही नाही. नवरा दत्तराव कधीच गेला. ती अन् तिचा मुलगा सुगत. मी रानात गेलो तर बांधाला कापसाची पऱ्हाटी जाळल्याची राख. झालं! माझ्या डोक्यात सगळं जुळलं. ह्यांनीच पऱ्हाटी पेटवली, ठिणगी गवतात गेली, अन् आपलं तेवढं राखलं. गाव पण तेच बोलत होतं. पंचनाम्याला मी तिच्याच बांधावर उभा होतो.

"पऱ्हाटी आमी सोमवारी जाळली," सरजाबाई म्हणाली. "घागरीनं पाणी आणून इझवली. बुधवारी तं आमी मायलेकरं मिरच्या तोडायलो होतो."

"मग सगळा डोंगर जळून तुमचंच रान कसं वाचलं?" मी ओरडलो.

"तुमीच सांगितलं व्हतं न्हवं? शिवरात झाली की रानाभवती नांगर फिरवा, गवताची काडी ठिवू नका. सुगत पोटात बी नव्हता तव्हा सांगितलं व्हतं. तव्हापासून फिरवायलो आमी."

मला काही आठवत नव्हतं. मी रागात होतो, माझा डोंगर जळाला होता. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "अण्णाराव, आमच्या रानातून आग निघताना तुमी डोळ्यानं बगितली का?"

अन् मी म्हणालो, "बघितली."

तसंच लिहिलं अन् खाली सही केली. सुगतच्या नावानं गुन्ह्याचा अहवाल तयार झाला.

सुगतचं काय होतं ते सांगितलं पाहिजे. त्याचं नाव वनरक्षकाच्या भरतीच्या यादीत लागलं होतं. पंचवीस किलोमीटर चार तासांत चालायचं असतं त्यात. दोन वर्षं तो माझ्याच डोंगरावर त्याची तयारी करत होता. रोज पहाटे मला आडवा जायचा, "काका, आज दहा मिनिटं वाचली." मी म्हणायचो, "आधी ते फाटके बूट बदल, लेका." राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. जंगल जाळल्याचा गुन्हा ज्याच्यावर, त्याला जंगल राखायला कोण घेणार? अहवाल पाडव्यानंतरच्या सोमवारी पुढं जाणार होता. तो गेला की पोराची नोकरी गेली, हे मला सही करताना चांगलं ठाऊक होतं.

पाडव्याला माझी मुलगी ईश्वरी नागपूरहून आली. ती तिथं एका कंपनीत उपग्रहाची चित्रं बघते. जळालेली जंगलं मोजते. कुठल्या कुठल्या देशांतली. मी तिला पण चिडवायचो, "आमी जिवंत आग इझवायची अन् तू मेलेली मोजायची." ती हसून सोडून द्यायची. पण ह्या वेळी माझा उतरलेला चेहरा बघून ती दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली. उन्हानं घर तापलेलं, खिडकीला ओलं पोतं लावलेलं. उमादेवी, म्हणजे आमची मंडळी, कैऱ्या चिरत बसली होती.

"अप्पा, तुमचा डोंगर दाखवू?"

"मला रोज दिसतो."

"वरून नाही दिसत."

आधी तिनं ऑस्ट्रेलिया दाखवला. एका उन्हाळ्यात जळालेलं रान. आपला मराठवाडा त्यात दोनदा बसेल अन् वर जागा उरेल एवढं, असं ती म्हणाली. मी चष्मा वर सारला. डोंगरच्या डोंगर करपलेले, अन् धूर समुद्रावर लांब पसरलेला, गावंच्या गावं झाकून टाकणारा. माझ्या तोंडून आपोआप "शिव शिव" निघालं. दोन दिवसांत मी एका डोंगरासाठी रडलो होतो. ते लोक कसे उभे राहिले असतील कुणास ठाऊक.

मग तिनं बोटं फिरवली अन् आमचा डोंगर आला. पहिल्यांदा ओळखूच आला नाही. मग साळुंकीचा दरा दिसला, दुबेळक्यासारखा दोन फांट्यांत फुटलेला, अन् माझ्या अंगावर काटाच आला. अरे बापरे! जिथं चढायला मला तास लागतो, ते सगळं माझ्या दोन तळहातांत मावत होतं. मी उमाला हाक मारली, "ये गं, बघ, हा आपला डोंगर!" ती कैरीचा हात पदराला पुसत आली अन् म्हणाली, "आन् आपलं घर कुठाय?" तिला आधी घर. ईश्वरीनं दाखवलं. आमच्या पत्र्याचा एवढासा पांढरा कण. तिघंही त्या कणाकडं बघत राहिलो.

"जुनी पण आहेत," ईश्वरी म्हणाली. "तुम्ही नोकरीला लागलात त्या सालापासूनची. दरवर्षीचा मार्च-एप्रिल एकामागं एक लावते."

काय सांगू तुम्हाला. बत्तीस वर्षं त्या डोंगरावर मी एकटा फिरलो. विझवलेल्या आगी वहीत लिहिल्या, त्या वह्यांना पुढं वाळवी लागली. मला वाटायचं, हे सगळं मीच एकट्यानं बघितलं, मी मेलो की संपलं. अन् इथं साल फिरलं की काळा डाग उमटत होता, अन् मी प्रत्येक डाग नावानिशी ओळखत होतो. "हा शहाण्णवचा, तीन दिवस चालला. हा तुझ्या जन्माच्या आदल्या सालचा. ह्याच्यात चंद्रभानचा पाय भाजला, बघ, दऱ्याच्या तोंडाशी थांबलाय, तिथं आम्ही अडवला." प्रत्येक ठिकाणी जिथं आम्ही आग अडवली होती, तिथंच डागाची कड होती. एक दोन हजार सोळाचं चित्र आलं तर काळं काहीच नाही. ईश्वरी म्हणाली, "ह्या वर्षी चांगलं राखलंत." मी म्हणालो, "कशाचं राखलंय? दुष्काळ होता तो. गवतच नव्हतं तर जळणार काय." अन् दर सालच्या डागानंतर तिनं दसऱ्याचं चित्र लावलं की तोच डोंगर पुन्हा हिरवागार. जितक्यांदा जळलेला तितक्यांदा उगवलेला. वरचा तो कुणाशी न बोलता, कुणी पगार न देता, सगळं बघत राहिला होता. मी ज्याला जावईबापू म्हणत होतो तो.

"अप्पा, हे काय आहे?" ईश्वरीनं पडद्यावर नख ठेवलं.

पूर्वेच्या उतारावर, काळ्या डागाच्या मधोमध, फिक्या रंगाचे नऊ ठिपके होते. तीन-तीनच्या तीन ओळी.

"एक ठिपका तीस मीटरचा," ती म्हणाली. "नऊ म्हणजे दोन एकर. दरवर्षी भोवतालचं जळतं, हे जळत नाही."

तिनं पुन्हा पहिल्यापासून चित्रं फिरवली. पहिली काही वर्षं ते नऊ ठिपके पण काळे होत होते. अठ्ठ्याण्णवला पण काळे. मग नव्व्याण्णव साल आलं अन् तिथून पुढं, एकही वर्ष न चुकता, फिके. काळं येऊन त्यांना टेकायचं अन् थांबायचं. यंदाच्या मार्चापर्यंत.

अन् तेव्हा मला आठवलं. अठ्ठ्याण्णवच्या आगीत सरजाबाईची ज्वारी उभी जळाली होती. नवी नवरी होती ती, बांधावर डोकं धरून बसलेली. मी जाता जाता म्हणालो होतो, रानाभोवती नांगर फिरवत जा बाई दर शिवरात्रीला. दोन मिनिटांचं बोलणं. मी विसरून गेलो, अन् तिनं नवरा गेल्यावर पण, बैल विकल्यावर पण, सत्तावीस वर्षं तो शब्द पाळला. माझं एवढं कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. माझ्या बायकोनं पण नाही.

"यंदाचं नीट दाखव," मी म्हणालो.

यंदाची चित्रं जास्त बारीक होती. नवा उपग्रह पाच-पाच दिवसांनी येतो म्हणे, अन् येतो तो सकाळी अकराच्या आतबाहेर. नेमका त्या बुधवारी तो डोंगरावरून गेला होता. मी जिंतूरला बाकावर बसून कागदांवर सह्या करत होतो, तेव्हा. गवत सगळं पिवळं, सरजाबाईचं रान तपकिरी, त्याच्या भोवती पण पिवळंच, कुठं काही जळालेलं नाही. अन् वर, पश्चिमेला, रानापासून चांगल्या दोन किलोमीटरवर, धुराचा एक बारीक दोरा.

"थांबा, धूर काढते," ईश्वरी म्हणाली. तिनं काहीतरी केलं अन् रंग पालटले. धूर गेला. त्याच्या बुडाशी एक काळा ठिपका अन् त्याच्या कडेला नारिंगी रेघ, जळता निखारा ठेवावा तशी. "ही जिवंत आग आहे, अप्पा. इथून निघाली. इथं काय आहे?"

मला ती जागा ओळखू आली. दऱ्याच्या दुबेळक्याच्या वर, जाळरेषेच्या शेवटाला, गवताच्या बाजूला. तिथं एक वाळलेला, पोखरलेला पळस अन् त्याच्याखाली शेंदूर लावलेला दगड. आगीच्या आदल्या रविवारी, रेषेचं काम संपल्यावर, तिथंच आम्ही रोडगे केले होते. मी स्वतः आरावर माती लोटली होती, हात जोडले होते, अन् वर म्हणालो होतो, "म्हसोबा, डोंगर संभाळ."

मी ईश्वरीला पंचनाम्याचं सांगितलं. सुगतचं सांगितलं. तिनं ती नारिंगी रेघ पुन्हा मोठी करून बघितली. मग एवढंच म्हणाली, "ह्या चित्रात कुठं अन् केव्हा ते दिसतं, अप्पा. कुणी ते दिसत नाही." म्हणजे कुणी, हे ठाऊक असणारा जगात मी होतो, अन् मजूर. बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभानला घेऊन वर गेलो. पळस मुळापासून खाक झालेला. त्याच्या जागी जमिनीत भोक पडलेलं. मी वाकून हात घातला, कोपरापर्यंत आत गेला. मुळी आतल्या आत जळत गेली होती. देवाचा विस्तव मातीखाली तीन दिवस जिवंत होता, वाळक्या मुळीतून चालत गवतापर्यंत गेला होता. बाकी सगळ्या रेषेवर मी एकेका निखाऱ्यावर पाणी ओतून घेतलं होतं, पायानं चाचपून बघितलं होतं. एवढ्या एकाच ठिकाणी नाही.

चंद्रभान खाली बसला. "गार्डसायब, जाऊ द्या. देवाचा इस्तव व्हता, देवानंच नेला म्हना."

"देवावर ढकलतोस व्हय रे? माती म्या लोटली का देवानं?"

"तुमचे दोन महिने राहिलेत. आमचं बी काम जाईल. त्या पोराचं काय, पुढल्या भरतीत लागंल की."

मी त्याला अशा शिव्या दिल्या की त्या इथं सांगण्यासारख्या नाहीत. पण त्याला शिव्या देणं सोपं होतं. खाली उतरताना माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. पऱ्हाटीची राख चंद्रभानच्या बांधाला सापडली असती, तर मी एवढ्या लवकर "बघितली" म्हणालो असतो का? किंवा आमच्या आळीतल्या कुणाच्या? नसतो म्हणालो. आधी चहा घेतला असता, विचारपूस केली असती, आग मुळात कुठून निघाली ते शोधलं असतं. सरजाबाईच्या बांधावर मला शोधायची गरज वाटली नाही. ह्याची मला लाज वाटली, अन् अजून वाटते.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसलो. ईश्वरीनं जिंतुरात चित्र रंगीत छापून आणलं होतं. रेंजर साहेब तरुण आहेत, माणूस वाईट नाही. चित्र बघून त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"हे भारी आहे, अण्णाराव. म्हणजे सुगत सुटला. अहवाल बदलू. 'अज्ञात इसमाकडून' असं लिहू, संपला विषय."

"अज्ञात न्हाई साहेब. मी आहे."

मी रोडग्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं. "वेड लागलंय का तुम्हाला? दोन महिन्यांत सत्कार व्हायचाय तुमचा. चौकशी लागेल, सगळं अडकून पडेल. अज्ञात लिहिलं की पोरगा पण सुटतो अन् तुम्ही पण. कुणाचं नुकसान?"

आता हे खोटं नाही सांगत, एक क्षण मला पण ते गोड वाटलं. किती सोपं होतं. मग डोळ्यांपुढं गाव आलं. अज्ञात म्हटलं की गाव काय म्हणणार? 'सुगतच, पण वरून मिटवलं.' पडताळणीला पोलीस आले की पारावर बसलेले लोक हसून एकमेकांकडं बघणार. पोरगं वर्दी घालून डोंगर चढलं तरी पाठीमागं लोक म्हणणार, ह्यानंच जाळला होता. मी "बघितली" म्हणालो होतो ना, नाव घेऊन. मग खोडायचं पण नाव घेऊनच.

"लिहा साहेब," मी म्हणालो. "आग विझवली नाही, अण्णाराव वनरक्षक. अन् पंचनाम्यात खोटं सांगितलं, ते पण अण्णारावच. चित्र जोडा मागं."

साहेबांनी पेन काढला. चौकशी लागली ती अजून चालू आहे, सत्कार-बित्कार झाला नाही. लागू दे. सुगतचं नाव त्याच दिवशी अहवालातून निघालं, त्याची नक्कल मी हातात घेतली अन् एस.टी.नं परत आलो.

चार वाजता सरजाबाईच्या रानात पोचलो. भोवती सगळं काळं, अन् त्या काळ्यात उभी मिरची. मायलेक लिंबाच्या झाडाखाली मिरच्या निवडत होते. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, रोडग्यापासून, एकही शब्द न गाळता. सुगतच्या हातात नक्कल दिली. त्यानं ती दोनदा वाचली. तो उठून विहिरीकडं गेला अन् तिथं पाठमोरा उभा राहिला. काका म्हणणाऱ्या पोराची ती पाठ बघून मला वाटलं, त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरजाबाईनं हात पुढं केला. "दावा बरं ते चित्र."

मी दिलं. तिनं ते मांडीवर पसरलं. मी बोटानं दाखवलं, हा डोंगर, हा दरा, हे तुमचं रान.

"ह्ये आमचं?" ती वाकली. "आन् ह्यो हिरवा ठिपका?"

"हे झाड. ह्याच्याखाली बसलोय ते लिंबाचं."

"आगं माय!" तिनं तोंडावर हात ठेवला. वर बघितलं, पानांतून आभाळाकडं, मग पुन्हा कागदाकडं, मग पुन्हा वर. "माह्या सासऱ्यानं लावलेलं हाय ह्ये झाड. ह्ये बी दिसतं?" मी तिला नऊ ठिपक्यांचं सांगितलं. नव्व्याण्णव सालापासून दर साली तिचं रान तेवढं राहिलेलं दिसतं, नांगर फिरवलेला वरच्यानं एकदा पण चुकवला नाही. तिचे डोळे भरून आले. "सातबाऱ्यावर आमी न्हाईत," ती हळूच म्हणाली. "तलाठ्याच्या वहीत न्हाईत. आन् तिथं हावोत म्हना की. सालोसाल."

"हाव," मी म्हणालो. मला लय बरं वाटलं. वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ द्या अण्णाराव.

ती कागदावरून हात फिरवत होती. हात थांबला.

"अण्णाराव, तो किती वर हाय म्हनलात?"

"शेकडो कोस वर आहे, बाई."

"तेवढ्या वरून त्याला आमी दिसलो." तिनं माझ्याकडं बघितलं, पंचनाम्याच्या दिवशी बघितलं होतं तसंच, सरळ. "तुमी तं बांधावर हुबे होतात."

खरं उत्तर एकच होतं, ते मी दिलं. "बघायचंच नव्हतं मला, सरजाबाई. चुकलो."

तिनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते कळलं नाही. मग कागदाची नीट चार पदरी घडी घातली.

"तुमी जावा आता," ती म्हणाली. "कागद माह्याकडं ऱ्हाऊ द्या."

मी कागद तिथंच ठेवला अन् नांगरलेल्या पट्ट्यावरून बाहेर पडलो.